सरांची सुई आणि स्पीकरची भिंत

उदयसिंह सरांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. तिकडे सर शिंकले की इकडे मी 'शतंजीव' म्हणते, आणि सर तिकडून 'आभारी आहे आक्का' म्हणतात. तेव्हा या माणसाबद्दल मी जे सांगणार ते कुणाकडून ऐकलेलं नाही, थेट भिंतीतून आलेलं आहे. उगीच कुणी मला चोंबडी म्हणू नये. म्हणायचंच असेल तर सगळं वाचून झाल्यावर म्हणावं.

सर गडमुडशिंगीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतात. बायको संयोगिता, माहेर आजऱ्याचं, एका दूध संस्थेच्या ऑफिसात नोकरीला. अंगानं काटकुळी, पण बोलायला लागली की समोरचा आपसूक खुर्ची शोधतो. सरांची ख्याती मात्र निराळी. आमच्या पेठेला ठाऊक असलेले सर दोन. एक चढते, एक उतरते.

चढते सर म्हणजे काय सांगू! सगळ्या गल्लीच्या मोटारसायकली पुसून ठेवतील, भाजीवालीला गुरुत्वाकर्षण समजावतील, एका दिवसात तीन धंदे काढतील आणि चौथ्याचं नाव ठेवतील. उतरते सर म्हणजे बंद दार. आठवडा आठवडा दाढी नाही, भिंतीतून आवाज नाही. मला तर त्या भिंतीला कान लावायचीच भीती वाटायची.

दोन वर्षांपूर्वी गणपतीला चढत्या सरांनी मंडळाच्या मांडवात ज्वालामुखी उभा केला. खरा धूर, लाल लाव्हा, पायाखालची जमीन थरथरायची. बघायला आख्खं कोल्हापूर लोटलं, पहिला नंबर आला, मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव सरांना खांद्यावर घेऊन नाचले. विसर्जन झालं आणि सर झोपले ते झोपलेच. थंडीच्या एका सकाळी संयोगितेला घरात सर दिसेनात. सापडले ते रंकाळा तलावाच्या काठावर, चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. तिनं हाताला धरून घरी आणलं. त्यावर ती कधी बोलत नाही आणि मीही तिला विचारलेलं नाही. मी, बरं का! यावरून काय ते समजा.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, बायपोलर. आणि गोळी दिली लिथियमची.

पेठेत ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. (माझ्याकडे बघू नका.) सरांनीही लपवलं नाही. उलट कट्ट्यावर बसून म्हणाले, "मोबाईलच्या बॅटरीत असतंय तेच लिथियम. तिथं ते दोन टोकांच्या मधी ये-जा करतंय."

"म्हंजे सर, आता तुमास्नी रात्रीचं चार्जिंगला लावायचं व्हय?" हंबीरराव म्हणाले, आणि तेव्हापासून पोरं सरांना 'चार्जिंग सर' म्हणायला लागली. सरही हसले. हसताना हातातला कप बशीवर किणकिण वाजला. गोळीनं हात जरासा कापतो त्यांचा. रोज सकाळी भिंतीपलीकडून ती किणकिण यायची, तेव्हा मी घड्याळ न बघता आमचा चहा टाकायची.

गोळीवरचे सर शहाणे, पण पेठेला जरा अळणी वाटायला लागले. वेळेवर शाळा, वेळेवर जेवण, नऊ वाजता दिवा बंद. कुणाची मोटारसायकल पुसायची नाही की कुणाला धंदा सुचवायचा नाही. पोट सुटलं, पाणी सारखं प्यायचे. आणि यंदा पुन्हा गणपती जवळ आले.

त्या संध्याकाळी मी पायरीवर घेवडा निवडत होते, तेव्हा हंबीरराव आले. डेकोरेशनचा धंदा आहे त्यांचा, त्यामुळे बोलणंही झालरी लावून.

"सर, यंदा काय धमाका?"

"सुई," सर म्हणाले.

"कसली सुई?"

"लोखंडाची. पुरुषभर लांबीची. आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यात चुंबक करून आणायची आणि मांडवात आडवी टांगायची. हालंल, डुलंल आणि उत्तर-दक्षिण हुऊन थांबंल."

"आनि मग?"

"मग काय? थांबंल."

हंबीररावांनी माझ्याकडे बघितलं. मी घेवड्याकडे बघितलं.

"सर, लोकं थांबलेली सुई बघाया येत्यात व्हय? पलीकडच्या पेठंनं आख्खा किल्ला हलता केलाय, तोफा उडवणार हाईत. आनि आमी काय दाखवायचं? सुई!" मग ते जवळ सरकले, आवाज खाली आला. म्हणजे मला ऐकायला मान जरा वाकडी करावी लागली. "एक सांगू? राग मानू नगा. त्या गोळीनं डोस्कं गार पडलंय तुमचं. जरा सुट्टी द्या की तिला. विसर्जन झालं की परत सुरू. कोण म्हणतंय बंद करा म्हणून? आमची मंडळी न्हाई का श्रावणात मटण सोडत आनि मग परत धरत? तसंच हाय हे."

बघा आमचं डोकं! पेठेत त्या दिवशी कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. औषध म्हणजे पथ्य, आणि पथ्य म्हणजे सणासुदीला मोडायची गोष्ट. सर नुसते हसले. पण त्या हसण्यात काहीतरी लकाकलं.

त्यानंतर मला स्वस्थता म्हणून लागेना. मिक्सर लावला की बंद करायची आणि कान द्यायची. टीव्हीचा आवाज बारीक. नवरा म्हणाला, "भिंतीत काय दूरदर्शन हाय काय?" मी म्हटलं, गप बसा.

काही दिवस गेले आणि एका सकाळी सर थेट आमच्या स्वयंपाकघराच्या दारात. माझ्या तुळशीला पाणी घालून आलेले. माझ्या मिरचीच्या खरड्याची स्तुती केली, ती तर आजवर माझ्या नवऱ्यानंही केलेली नाही. आणि मग जे सुरू झाले!

"आक्का, नुसती सुई न्हाई, यंदा दोन टोकांचं सगळं विश्व दाखवायचं! पृथ्वीला दोन ध्रुव. ट्रान्झिस्टर घ्या, बायपोलर ट्रान्झिस्टर, तीन थरांचा. मधला थर इतका पातळ की डोळ्याला दिसायचा न्हाई, पण आख्खा प्रवाह त्याच्या मर्जीवर चालतोय. डोळ्याच्या पडद्यात पण बायपोलर पेशी असत्यात, दोन हातांच्या. एका हातानं उजेडाची बातमी घ्यायची, दुसऱ्या हातानं पुढं द्यायची."

"म्हणजे माझ्यासारखी की हो," मी म्हटलं.

"अगदी! गल्लीची बायपोलर पेशी तुमी!" सर एवढ्या मोठ्यानं हसले की मांजर पळालं. "आनि तारे! मरताना काही तारे दोन्ही बाजूंनी वायू फेकत्यात, फुलपाखराच्या पंखांसारखे. ते पण करायचं. छताला. आनि जगाचं राजकारण, दोन महासत्ता. आनि आपल्या फुटबॉलच्या दोन पेठा!"

ऐकायला मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. असे सर दोन वर्षांत दिसले नव्हते. मी चहा पुढे केला. सरांनी कप उचलला, बोलता बोलता हवेत फिरवला, घोट घेतला, बशीवर ठेवला. आणि माझ्या एकदम ध्यानात आलं.

कप वाजला नव्हता.

हात दगडासारखा स्थिर. गोळी पोटात असती तर तो हात असा राहिला नसता. मी आठवून बघितलं, भिंतीपलीकडची किणकिणही बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. चहा टाकायला मला उशीर होत होता तो त्यामुळेच.

सर गेले. मी एका हातानं बातमी घेतली होती, दुसऱ्या हातानं द्यायची राहिली होती. पदर खोचला आणि संयोगितेला बसस्टॉपवरच गाठलं.

"गोळी घेतात का गं?"

"घेत्यात की. माझ्या पुढ्यात तोंडात टाकत्यात."

"टाकतात. गिळतात का?"

तिचा चेहरा उतरला. बस आली, तिच्यासमोर थांबली, निघून गेली. ती हलली नाही. मग म्हणाली, "ह्यांच्या मनातलं न्हाई हे. कोण बोललं?"

मी हंबीररावांचं नाव सांगितलं. माझ्या पोटात कधी काही राहिलेलं आहे का?

दोघी हंबीररावांना गाठायला मंडळाच्या तालमीत पोचलो तर सर गुडघ्यावर बसून फरशीभर खडूनं आकृत्या काढत होते. तारे, डोळे, ट्रान्झिस्टर, बाण, आणि त्यांचा शेवट भिंतीवर चढलेला. भोवती पोरं खुशीत. हंबीरराव मधोमध, जणू दुसऱ्यांदा ज्वालामुखी पेटणार.

संयोगिता उंबऱ्यातूनच म्हणाली, "हंबीरराव, ह्यांस्नी गोळी सोडा म्हणून तुमी सांगितलं?"

"वहिनी, तसं न्हाई, आमी आपलं सणापुरतं..."

"त्या वक्ताला देखावा बघाया आख्खं कोल्हापूर आलतं. रंकाळ्यावरनं ह्यांस्नी आणायला मी एकटी गेलतो. तुमचं मंडळ कुठं होतं तवा?"

सरांच्या हातातला खडू कटकन मोडला. सर उठले. रागानं लाल झालेले.

"तू गप! तुला नुसती भीती वाटतीया माझी. आनि ह्यांस्नी गोळीवरचा मी कंटाळवाणा वाटतोय. चढलो की तू रडतीस, उतरलो की ही लोकं तोंड फिरवत्यात. मग मी ऱ्हायचं तरी कुठं?"

हंबीरराव टोपी चाचपत राहिले. संयोगितेनं फरशीवरच्या चुंबकाच्या चित्राकडे बोट केलं आणि हंबीररावांनाच म्हणाली, "ह्यांच्याकडनंच ऐकलंय. चुंबक मधी तोडला तर नुसतं वरचं टोक हाताला लागत न्हाई. तुकडा केला की त्याला खालचं टोक परत येतंय. तुमास्नी ह्यांचं वरचं टोक तेवढं पायजे. ते मिळत न्हाई. बरोबर का वो?"

आणि बघा मास्तरकी कशी रक्तात असते! एवढ्या संतापातही सर म्हणाले, "बरोबर हाय." मग खाली बघत, "पण चुंबकाला दोन्ही टोकं लागत्यातच. मला न्हाई लागत. शब्द तोच आला म्हणून गोष्ट तीच हुईत न्हाई." खडू खिशात टाकला. हात झटकले. "ट्रान्झिस्टरच बरा. मधला थर सांभाळला की झालं."

"मग चला दवाखान्यात," संयोगिता म्हणाली.

सर गेले. डॉक्टर रागावले. आपल्या मनानं औषध सोडणं किती महागात पडतं ते दोघांना नीट समजावून सांगितलं, रक्त तपासून गोळी परत लावून दिली, आणि झोपेची वेळ काही झालं तरी चुकवायची नाही अशी तंबी दिली. फरशी हंबीररावांनी स्वतः पुसली. तोंड कडू करून, पण पुसली.

देखावा ठरला तो सुईचाच. शाळा सुटल्यावर सर रोज थोडं थोडं काम करायचे आणि जेवायच्या वेळेला उठायचे. पोरं जांभया द्यायची. मी मात्र येता-जाता सरांच्या हाताकडे बघायची आणि तो अजून स्थिरच दिसायचा. डॉक्टर म्हणाले होते, गोळी पुन्हा लागू पडायला थोडे दिवस जातील. ते थोडे दिवस सरता सरेनात. सर रात्री उठतात का, फेऱ्या मारतात का, शीळ घालतात का, सगळं त्या भिंतीत अडकलेलं. संयोगिता ऑफिसातून मला फोन करायची, "आक्का, काय म्हणताय?" म्हणजे तिकडे काय ऐकू येतंय. मी म्हणायची, "अजून काय न्हाई."

उद्घाटनाच्या संध्याकाळी मांडव गच्च. पडदा वर गेला. निळ्या उजेडात भली मोठी सुई, एक टोक लाल, एक पांढरं. सरांनी हलकासा धक्का दिला. सुई फिरली, हळूहळू मंदावली... आणि पुढाऱ्याकडे वळावं तशी गर्रकन हंबीररावांच्या स्पीकरच्या भिंतीकडे वळून तिथंच चिकटल्यासारखी थांबली.

हो, सुईच्या शेजारीच! हंबीररावांनी यंदा पलीकडच्या पेठेला ऐकू जावं म्हणून मांडवाच्या बाजूला स्पीकर रचले होते, माणूसभर उंच. आणि प्रत्येक स्पीकरच्या पोटात चुंबक. गाणं वाजायला लागलं तशी सुईही थरथरायला लागली. उत्तर कुठली, दक्षिण कुठली, बिचारीला सुधरेना. लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, सुईला चढली काय!"

सरांचा चेहरा मी बघितला. संयोगितेनं माझा हात आवळला.

"हंबीरराव," सर माईकशिवाय म्हणाले, "एकतर ही भिंत ऱ्हाईल, न्हाईतर सुई थांबंल. दोन्ही व्हायचं न्हाई."

पलीकडच्या पेठेत तोफा धडधडत होत्या. स्पीकर हलवणं म्हणजे आमच्या पेठेत नाक कापून हातात घेणं. हंबीरराव उभे राहिले, सुईकडे बघितलं, सरांकडे बघितलं. मग पोरांवर खेकसले, "बगताय काय? उचला! चौकाच्या पल्याड नेऊन ठेवा!"

स्पीकर गेले. गल्लीत एवढी शांतता गणपतीत मी कधी ऐकली नव्हती. सुई पुन्हा फिरली, इकडे डुलली, तिकडे डुलली. पोरंसुद्धा गप. आणि ती थांबली, नीट, उत्तर-दक्षिण. कुणी टाळी वाजवली नाही, कारण वाजवायचं भानच राहिलं नाही.

तेवढ्यात सरांनी घड्याळ बघितलं. "नऊ वाजायला आले. माझी गोळीची वेळ झाली. झोपायचं पण हाय."

"अवो सर, गर्दी तर आत्ता सुरू हुतीया! परीक्षक यायचेत! सांगणार कोण?"

"तुमी," सर म्हणाले, माईक हंबीररावांच्या हातात दिला आणि बायकोबरोबर घराकडे निघाले.

हंबीररावांनी घसा खाकरला. "तर मंडळी... ही सुई. हिला दोन टोकं हाईत. आनि ती जवा थांबती... तवा ती थांबती." पुढं आठवेना. मग सरांच्या खिडकीतला दिवा बंद झालेला दिसला, तसा त्यांनी माईक तोंडापासून लांब धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "जरा बारीक बोलूया. सर झोपलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीजवळ उभी होते. नळाला पाणी आलं होतं, बादली तशीच ठेवली. पलीकडे स्टोव्ह बंद झाला. बशी टेबलावर आली. मग थांबून थांबून, बारीक, कप बशीवर वाजायला लागला.

मी आमचा चहा टाकला.