फळ्यावरचं आमंत्रण

कोरियात जाऊन इंग्रजी शिकवायचं, असं माझं ठरलं होतं. कोरियाचं ठरलं नव्हतं. मी जिथे जिथे अर्ज केला, तिथे त्यांना नेटिव्ह स्पीकर हवा होता, आणि नेटिव्ह कोण ते पासपोर्ट बघून ठरत होतं. मी पुण्यात शिशुवर्गापासून इंग्रजी माध्यमात शिकले. डब्यातल्या पोळीबद्दल मराठीत बोलले म्हणून बाकावर उभी राहिले. एवढं उभं राहूनही मी नेटिव्ह झाले नव्हते. मग अमेरिकेत ॲन आर्बरला एम.ए. केलं आणि इथल्याच एका लहानशा संस्थेत नोकरी मिळाली. इथल्या विद्यापीठात वर्षा-दोन वर्षांसाठी कोरियन संशोधक येतात, त्यांच्या बायकांना इंग्रजी शिकवायचं. म्हणजे कोरियाला मी तिकडे चालत नव्हते, इकडे चालले.

"पण मग अमेरिकन लोकांना इंग्लिश कोण शिकवतं?" काकूंनी विचारलं होतं.

"त्यांना येतं, काकू."

"हां, तेही आहेच," असं म्हणाल्या, पण माझी नोकरी जरा दुय्यम आहे हे त्यांच्या मनात पक्कं झालं.

या काकू म्हणजे बाबांच्या जुन्या ऑफिसातल्या मित्राच्या बायको. मूळच्या डोंबिवलीच्या, इथे वीसेक वर्षं. गावाबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे त्यांचं मोठं घर आहे आणि त्या घराच्या बेसमेंटमध्ये मी दोन वर्षं राहत होते. बेसमेंट म्हणजे तळघर नव्हे, हे त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. 'फिनिश्ड' आहे. होम थिएटर आहे, मागे कलणाऱ्या सहा खुर्च्या आहेत, गणपतीच्या सजावटीची खोकी आहेत, ट्रेडमिल आहे, आणि या सगळ्याच्या पलीकडे माझा पलंग होता. दाराला कडी नव्हती. "घरात कुणापासून लपायचंय?" असा काकूंचा प्रश्न होता, आणि खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं.

त्या कधीही खाली येत. "दिवा चालू दिसला म्हणून आले." दिवा बंद असला तर "दिवा बंद दिसला म्हणून आले." मी काय खाल्लं, कधी झोपले, फोनवर कुणाशी हसले हे सगळं आईला पुण्यात माझ्याआधी कळत असे. दर महिन्या-दोन महिन्यांनी एखादा सिएटलचा किंवा डॅलसचा मुलगा आईवडिलांसह जेवायला येई आणि मला वरून हाक येई, "अगं, जरा पापड तळायला ये." मी पापड तळी. एरवी मी गप्पच असते. दोन भाषा येतात म्हणून माणूस जास्त बोलतो असं नाही. गप्प बसायला दोन भाषा मिळतात, इतकंच.

एप्रिलमध्ये मला गावात वाचनालयाजवळ एक अपार्टमेंट मिळालं. जुन्या लाकडी घराचे तीन भाग करून भाड्याने दिलेले, त्यातला वरचा भाग. एक खोली, त्यात स्वयंपाकाचा कोपरा, आणि दाराला आतून लागणारी पितळी कडी. घर बघायला गेले तेव्हा घरमालक हीटर दाखवत होता आणि मी ती कडी लावून-काढून बघत होते. "हॅपी?" त्याने विचारलं. मी मान हलवली. तो निवृत्त आणि भला माणूस होता. त्याने गुरुवारीच चावी दिली, पण माझा पगार बघून एक अट घातली: सोमवारपर्यंत जामीन म्हणून कुणाची तरी सही हवी. नाहीतर चावी परत.

इथे सही करू शकेल असं माझं कुणी असेल तर ते काका.

"मी काय, आत्ता करतो," काका म्हणाले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "फक्त तुझ्या काकूला एकदा बघून घेऊ दे."

आईचा फोन आलाच. "काकूंना पटलं तर राहा. नाही पटलं तर बेसमेंटला काय वाईट आहे? आणि एकटीनं राहायचं म्हणजे नक्की काय करायचं असतं गं?"

रविवारी साडेतीनला काकू घर बघायला येणार असं ठरलं.

शुक्रवारी माझा वर्ग होता. वर्गात पाच जणी, त्यांतली सर्वांत मोठी साधारण माझ्या आईच्या वयाची. बाकीच्या चौघी तिला विचारल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडत नाहीत. मला नावाने हाक मारा असं मी पहिल्याच दिवशी अमेरिकन मोकळेपणाने सांगितलं होतं. त्या सभ्यपणे हसल्या आणि 'टीचर'च म्हणत राहिल्या. पहिल्याच तासाला थोरलीने मला वय विचारलं, मग लग्न झालंय का विचारलं, मग का नाही ते विचारलं. पुढे शिकवण्यासारखं फारसं उरलंच नाही.

त्या दिवशीचा धडा 'निमंत्रण' हा होता. वाक्यं फळ्यावर लिहायची आणि जोडीजोडीने म्हणायची. आयत्या वेळी मला दुसरं काही सुचत नाही, हा माझा स्वभाव. मी लिहिलं: मी नव्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेले आहे. कृपया रविवारी चार वाजता या. मग पत्ता सांगण्याचा सराव. वाचनालयापाशी डावीकडे, निळं घर, बाहेरचा जिना. एखादा खोटा पत्ता रचायला काय जात होतं? पण मी सरळ माझाच दिला. त्या पाची जणींनी तो उतरवून घेतला. एकीने रस्त्याच्या नावाचं स्पेलिंगही विचारलं. किती मनापासून शिकतात या, असं मला वाटलं.

"टीचर, शूज ऑफ?" थोरलीने विचारलं.

"यस, शूज ऑफ. व्हेरी गुड क्वेश्चन." बघा, संवाद वाढवतेय.

"अवर हजबंड आल्सो कम?"

आता हा 'अवर हजबंड' म्हणजे माझा महिनाभराचा लढा होता. कोरियनमध्ये आई, घर, देश, नवरा, सगळं 'आपलं' किंवा 'आमचं' असतं. 'माझा नवरा' म्हणणं जरा उघडंवाघडं वाटतं. मी खडू खाली ठेवला.

"माय हजबंड. अवर म्हटलं तर तो तुम्हां पाच जणींचा एकच नवरा होतो."

चौघी तोंडावर हात धरून हसल्या. थोरली हसली नाही. "माय हजबंड आल्सो कम?"

"परफेक्ट," मी म्हणाले, आणि पुढच्या वाक्याकडे वळले. तिने प्रश्न विचारला होता आणि मी फक्त व्याकरण ऐकलं होतं. ते मला रविवारी चार वाजता कळलं.

रविवारी काकू बरोबर साडेतीनला आल्या, हातात नारळ आणि गणपतीची तसबीर. काका खाली पार्किंग शोधत होते. ॲन आर्बरमध्ये पार्किंग शोधायला निघालेला माणूस जेवायच्या वेळेपर्यंत परत येतो, त्यामुळे त्यांची काळजी कुणी करत नव्हतं. काकूंनी आधी फ्रिज उघडला, मग कपाट, मग ओव्हन, मग पुन्हा फ्रिज.

"खाली कोण राहतं?"

"पीएचडी करणारा एक मुलगा आहे."

"मुलगा!"

"मी त्याला अजून पाहिलेलं नाही."

"पाहूही नकोस." मग त्यांचं लक्ष कडीकडे गेलं. त्यांनी ती एका बोटाने हलवून पाहिली आणि सोडून दिली. "एवढी भक्कम कशाला?"

खिडकीतून शेजारच्या मेपलची नुकती फुटलेली पालवी दिसत होती, ती दाखवावी असं मनात होतं, पण काकूंचा चेहरा पालवी बघण्यासारखा नव्हता.

"आता शास्त्रापुरतं दूध तरी उतू घालवू. काढ पातेलं." फ्रिजमध्ये एकच खोकं होतं, ते त्यांनी पातेल्यात ओतलं. आम्ही दोघी शेगडीपाशी उभ्या राहिलो. पातेल्यात काहीतरी गुरगुरत होतं, पण वर येत नव्हतं.

"हे उतू का जात नाहीये?"

"काकू, ते ओट्सचं आहे."

"म्हणजे दूध नाहीच?"

"नाही."

"घरात दूध नाही," काकू तसबिरीला उद्देशून म्हणाल्या. "आणि म्हणे एकटी राहणार." माझी सही गेली, हे मला तेव्हाच कळलं. त्या पर्स उचलत होत्या आणि मी मनात बेसमेंटची खोकी पुन्हा कुठे सरकवायची याचा विचार करत होते, इतक्यात जिन्यावर पावलं वाजली.

दारात पाची जणी उभ्या होत्या. थोरलीच्या दोन्ही हातांत टॉयलेट पेपरचे भलेमोठे गठ्ठे, मागच्या चौघींकडे आणखी गठ्ठे आणि कपडे धुण्याच्या साबणाच्या बरण्या. "माय हजबंड गोल्फ," थोरली म्हणाली. "सॉरी." त्यांनी बूट काढले आणि दाराकडे तोंड करून एका रांगेत लावले.

"काय गं हे? दुकान लुटून आल्यात की काय?" काकू मराठीत पुटपुटल्या. पण त्यांची नजर बुटांच्या रांगेवर होती. त्यांच्या भिशीच्या बायका सांगूनही इतके नीट बूट लावत नाहीत.

थोरलीने गठ्ठे सरळ गणपतीसमोर ठेवले. काकूंनी डोळे मिटले. मी घाईघाईने खुलासा केला, की कोरियात नव्या घरी हेच न्यायची पद्धत आहे. थोरलीने पुढचं स्वतः सांगितलं: पेपर कसा भराभर, न अडकता सुटतो, तशी कामं सुटावीत. आणि साबणाचा फेस. तिने हात पसरून फेस वर येताना दाखवला. "लक. मेनी मेनी. गो ओव्हर."

काकूंनी डोळे उघडले. "उतू जातं?"

"फेस उतू जातो, काकू."

"हं." त्यांनी पर्स खाली ठेवली. "यांना कळतंय म्हणजे थोडंफार."

थोरलीने त्यांना जमिनीवर आपल्याशेजारी बसवलं, वय विचारलं, आपल्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या आहेत हे कळताच दोन्ही हातांनी पाण्याचा पेला दिला. काकू खुलल्या. मग थोरलीने विचारलं, "युवर हजबंड?"

काकूंचं इंग्रजी एरवी फर्डं आहे, पण नवऱ्याचा विषय निघाला की त्या मनातल्या मनात 'आमचे हे' म्हणतात आणि मग भाषांतर करतात. "अवर मिस्टर इज स्टिल पार्किंग," त्या म्हणाल्या.

थोरली सावकाश माझ्याकडे वळली. "टीचर," ती म्हणाली. "अवर."

चौघी माझ्याकडे बघत होत्या. मी चहा करायला उठले.

त्यानंतरच्या संभाषणात मी नव्हते, माझा फक्त विषय होता. "टीचर अलोन. व्हाय?" "एक्झॅक्टली! आय ॲम आल्सो आस्किंग सेम." "टीचर नॉट इटिंग." "नो मिल्क इन द हाउस!" एकमेकींना पहिल्यांदाच भेटलेल्या दोन बायका माझ्या हाडांची, लग्नाची आणि फ्रिजची चर्चा करत होत्या, तीही माझ्या वर्गात कधी ऐकू न येणाऱ्या सफाईने. शेगडीवरचं ओट्सचं पाणी सगळे विसरले होते. माझी भरभराट पातेल्याच्या बुडाला लागून करपत होती.

"शी शुड स्टे विथ अस," काकू शेवटी म्हणाल्या. "वी हॅव बेसमेंट. फुली फिनिश्ड. विथ फुल बाथ."

थोरलीने पेला खाली ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि फार सांभाळून, मोठ्या दुःखात असलेल्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "टीचर लिव्ह अंडर ग्राउंड?"

"नो, नो, व्हेरी नाइस बेसमेंट—"

"इन कोरिया," थोरलीने काकूंचा हात हातात घेतला, "बेसमेंट, व्हेरी पुअर पीपल. इट्स ओके. नो शेम."

काकूंच्या घराचं असं वर्णन वीस वर्षांत कुणी केलं नसावं. "इट हॅज होम थिएटर," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. थोरलीने हात थोपटला. चौघींपैकी एकीने काकूंच्या पिशवीत साबणाची एक बरणी हळूच ठेवली.

काका वर आले ते तेव्हा, घामाघूम. त्यांनी पाच अनोळखी बायका, टॉयलेट पेपरची भिंत आणि काकूंचा चेहरा पाहिला.

"झालं का बघून? काय करायचं?"

"सही करा," काकू म्हणाल्या. "वर ऊन तरी येतं. आणि या जवळच राहतात." थोरलीशी त्यांचं तोवर ठरलं होतं: दर रविवारी चार वाजता एकजण तरी इथे येणार, फ्रिज बघणार, काकूंना फोटो पाठवणार. दोघींनी फोन नंबर घेतले. कडीबद्दल पुन्हा कुणीच काही बोललं नाही. रविवारी दार आतून उघडायला मीच असणार होते.

मंगळवारी वर्गात मी विचारलं, या रविवारी काय करणार? थोरलीने हात वर केला.

"ऑन संडे, वी गो टू अवर अपार्टमेंट."

"कुणाचं?" मी विचारलं. "अवर नाही." मी फळ्यावर 'माय' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. निदान एवढं तरी माझ्या हातात होतं.

तिने शब्द नीट पाहिला, मान डोलावली, आणि सरळ माझ्याकडे बोट करत, एकही चूक न करता म्हणाली, "ऑन संडे, आय ॲम गोइंग टू माय अपार्टमेंट."

व्याकरणात काढण्यासारखं काहीच नव्हतं. "परफेक्ट," मी म्हणाले, आणि येताना दूध आणायचं लक्षात ठेवलं.