अंजिराच्या चाळीस काड्या

रोपवाटिकेत मावशींना तीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला तोंडावर मूर्ख म्हटलं नव्हतं. ती वेळ मालकांच्या जावईबापूंनी आणली.

जावईबापू वनस्पतिशास्त्र शिकून आलेले. गिऱ्हाइकाने कुंडीकडे नुसतं बघायचा अवकाश, की व्याख्यान सुरू. "याला क्लोन म्हणतात. बी नाही, पराग नाही. एका झाडाच्या तुकड्यातून हुबेहूब तेच झाड. शब्द मूळचा ग्रीक. अर्थ काय, तर डहाळी!"

"डहाळी खोचायला ग्रीसपर्यंत कशाला जायचं?" मावशी माती चाळत म्हणत.

त्या वर्षी कोपऱ्यातल्या जुन्या अंजिराचं खोड कुजलं. त्या जातीचं दुसरं झाड कुठेच उरलं नव्हतं. मावशींनी त्याच्या चाळीस काड्या काढल्या, वरचं टोक सपाट आणि खालचं तिरकं कापून. मातीत कुठलं टोक जायचं हे त्यामुळे बोटांनाच कळतं. काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या.

आठ दिवसांनी परतल्या, तर झाड तोडून नेलेलं आणि काड्या वाफ्यात खोचलेल्या. अगदी दोरी लावून, सरळ रांगेत. सगळ्यांची तिरकी टोकं वर.

"हे कुणी केलं?"

"मीच," जावईबापू खुशीत म्हणाले. "तिरक्या टोकावरून पाणी घसरतं. म्हणजे काडी कुजत नाही."

मावशी वाफ्याशी बसल्या. "इकडे या. हा पान गळल्याचा व्रण. कोंब फुटायचा डोळा नेहमी त्याच्या वर असतो. इथे कुठे आहे?"

"खाली."

"चाळीसच्या चाळीस शीर्षासनात!"

"पण क्लोनला वरखाली..."

"ग्रीक भाषेत चालत असेल. मातीत नाही चालत. अहो, अगदीच कसे मूर्ख तुम्ही!"

जावईबापूंचे कान लाल झाले.

"उपटा आता. हळू! मुळा नाही तो."

निम्म्याहून जास्त काड्या काळ्या पडल्या होत्या. उरलेल्या सतरा काड्या मावशींनी टोकं नव्याने कापून स्वतः लावल्या. जावईबापू रोज सकाळी येऊन वाफ्याशी उभे राहत.

सातव्या आठवड्यात पाच काड्यांना पालवी फुटली. जावईबापूंनी हरखून बोट पुढे केलं.

"खिशात," मावशी म्हणाल्या.

हात मुकाट्याने खिशात गेला.