हँडल थरथरतं की हात

आमची मोटारसायकल तीन चाकांची होती आणि ती मी चालवायचे. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस आधी माझ्या डाव्या पायाकडे बघायचा, मग गाडीकडे, आणि मग “अच्छा, अच्छा” म्हणून विषय बदलायचा. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर असतं. दोन चाकांवर तोल सावरणं मला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून नवऱ्यानं एका जाडजूड मोटारसायकलला डावीकडे साइडकार जोडून घेतली आणि पायाचा गिअर दांडा लावून माझ्या उजव्या हाताशी आणला. तो रेल्वेचा इंजिनिअर. आलमबागच्या कारखान्यात डबे दुरुस्त करणं हे त्याचं काम, त्यामुळे त्याची कुठलीही वस्तू गरजेपेक्षा तिप्पट मजबूत असते.

ही गाडी येण्याआधी मी शेअर टेम्पोनं जायचे. लखनौचे लोक इतके भले की मी दिसले रे दिसले की चारजण दंड धरून मला आत चढवायचे. मला त्याचा मनस्वी राग यायचा, आणि रागवायला कुणी सापडायचं नाही, कारण सगळे चांगलंच वागत होते. गाडी आली आणि मी एकटी बाहेर पडायला लागले. पहिल्या दिवशी चारबागच्या गर्दीतून एकटीनं गाडी काढली तेव्हा मला रडूही आलं आणि हसूही आलं. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून शिवी दिली, तीसुद्धा गोड वाटली. माझ्यावर दया न करणारा तो पहिलाच माणूस होता.

थरथर सुरू झाली ती दोन हजार सात-आठच्या सुमाराला, एका हिवाळ्यानंतर. गाडी जरा वेगात आली की हँडलमधून एक बारीक कंप निघायचा, मनगटातून कोपरापर्यंत चढायचा आणि तिथेच बसून राहायचा. ऑफिसात पोहोचेपर्यंत बोटं बधिर झालेली असायची. आता माझं काम काय, तर वनस्पतींची चित्रं काढायची. एका संशोधन संस्थेत मी चित्रकार होते. सूक्ष्मदर्शकाखाली पान ठेवायचं आणि त्याच्या शिरा, त्यावरची लव, फुलातले केसर शाईच्या टाकानं कागदावर उतरवायचे. फोटोत जे दिसत नाही ते हाताला काढावं लागतं. आणि माझी रेघ सकाळच्या पहिल्या तासात सुरवंटासारखी वळवळायला लागली होती.

मला भीती होती ती गाडीची नव्हती. लहानपणी पोलिओ झालेल्यांना कधीकधी चाळिशीनंतर धडधाकट अवयवांतही अशक्तपणा येतो, हे मी वाचून होते. माझी चाळिशी नुकतीच उलटली होती. पाय गेला तेव्हा मी इतकी लहान होते की तो असल्याचंच मला आठवत नाही. हात मात्र माझे होते. मी जे काही होते ते त्या दोन हातांमुळे होते. त्यामुळे प्रश्न सरळ होता. थरथरतंय ते हँडल, की माझे हात? इंजिनात बिघाड निघाला तर मी बरी, आणि इंजिन बरं निघालं तर मी आजारी. गाडी बिघडलेली असावी म्हणून नवस बोलायची वेळ आणणारा असा प्रसंग दुसऱ्या कुणावर आला असेल असं मला वाटत नाही.

इंजिन बरंच निघत राहिलं. आलमबागच्या बसस्टँडमागे आमचे मिस्त्री होते, पिकल्या दाढीचे, अतिशय अदबशीर. त्यांनी प्लग बदलला, चेन बदलली, इंजिनाखालची रबरं बदलली. प्रत्येक वेळी गाडी चालवून बघायची वेळ आली की मी उतरू लागायचे आणि ते दोन्ही हात पुढे करून मला थांबवायचे. “मैडम, आप धूप में खड़ी रहेंगी और हम गाड़ी लेकर चल दें? तौबा! आप तशरीफ़ रखिए.” मग मी साइडकारमध्ये बसायचे आणि ते मला एखाद्या बेगमेसारखं कालव्यापर्यंत फिरवून आणायचे. परत आल्यावर मान हलवायचे. “मक्खन है, मैडम. बिल्कुल मक्खन.”

नवऱ्याची तऱ्हा वेगळी. तो मला चालवायला सांगायचा आणि स्वतः साइडकारमध्ये बसून, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डॉक्टरसारखा ऐकत राहायचा. रस्त्यावरचे लोक वळून वळून बघायचे. आणि गंमत अशी, की तो बसला असताना गाडी खरोखरच थरथरायची नाही. मलाही ते कळायचं.

“तू असलास की होत नाही,” मी एकदा म्हणाले.

“म्हणजे अजून जादू शिल्लक आहे म्हणायची,” तो म्हणाला. तेव्हा मी हसले. पण डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. एकटी असताना मनावर ताण येत असेल, त्यानं मुठी आवळल्या जात असतील, असं ते म्हणाले; आणि पोलिओचं काही असलं तर ते हळूहळूच कळेल, असंही म्हणाले. थोडक्यात, घाबरू नका आणि वाट बघा. ही दोन कामं एकदम कशी करायची ते त्यांनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, “काही दिवस मी सोडत जातो तुला.” अगदी सहज म्हणाला. माझं डोकं असं फिरलं की मी हातातली परात आपटली. “मला टेम्पोत चढवायला अख्खं लखनौ तयार आहे, तुझी कशाला गरज?” त्यानं परात उचलून ओट्यावर ठेवली आणि बाहेर जाऊन गाडी पुसत बसला.

त्या जूनमध्ये मला मलिहाबादला जायचं होतं. एका बागेतल्या जुन्या आंब्याच्या सालीवर वाढलेल्या दगडफुलाचं चित्र काढायचं होतं. ऑफिसची जीप मिळत होती, तरी मी हट्टानं गाडी काढली. जाताना सगळा रस्ता हातात मुंग्यांचं वारूळ घेऊन गेले. बागेत पोहोचल्यावर बराच वेळ टाक धरवेना. बागवान म्हातारेबुवा मला सरबत देत राहिले. मी हात ओढणीखाली लपवून बसले होते आणि मनात एकच घोकत होते, की हे शेवटचं एकटीनं येणं.

चित्र कसंबसं झालं. निघताना बघते तर बागवानांच्या माणसांनी साइडकारमध्ये दशहरी आंब्यांच्या पेट्या रचायला घेतलेल्या. मी नको नको म्हणाले. “खाली गाड़ी हमारे बाग़ से नहीं जाती, बिटिया,” बागवान म्हणाले. “लोग क्या कहेंगे?” पेट्या सीटवर आल्या, पायाशी आल्या, वरून ताडपत्री बांधली गेली.

काकोरीच्या अलीकडे केव्हातरी माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणते आहे. आणि मग लक्षात आलं की हात शांत आहेत. मी वेग वाढवला. तरी शांत. कमी केला, परत वाढवला. गाडी अशी चालली होती की जणू रस्त्यावर कुणी रजई अंथरली आहे. मी एकटी होते, शेजारी नवरा नव्हता, ताण तर पोटभर होता, आणि हातात कंपाचा मागमूस नव्हता. अंगावर सरसरून काटा आला. भर जूनच्या उन्हात काटा!

पुढे एक चहाची टपरी होती, कडुलिंबाखाली. मी गाडी उभी केली आणि चहावाल्याला म्हणाले, “भैया, ये पेटियाँ ज़रा उतार दीजिए.” त्यानं बाकड्यावर बसलेल्या दोघांना हाक मारून सगळ्या पेट्या उतरवल्या. त्याला वाटलं, मी आंबे विकणार. मी रिकामी गाडी घेऊन पुढच्या वळणापर्यंत गेले. वेग येताच कंप आला. तोच, ओळखीचा, मनगटातून कोपरापर्यंत. मी परत आले. “अब चढ़ा दीजिए.” चढवल्या. पुन्हा तेच वळण, आणि गाडी गोगलगाय. परत येऊन म्हणाले, “फिर उतार दीजिए.”

चहावाला कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. “मैडम, एक बार तय कर लीजिए, आम बेचने हैं या घुमाने हैं?”

मी हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. त्या तिघांनी बिचाऱ्यांनी पुन्हा पेट्या उतरवल्या, पुन्हा थरथर आली, पुन्हा चढवल्या आणि पुन्हा गेली. आयुष्यात मी कितीतरी अद्भुत गोष्टी भिंगाखाली पाहिल्या, शेवाळाची बीजाणूंची डबी उघडताना पाहिली, पण त्या टपरीसमोर मी जितकी थक्क झाले तितकी कधीच झाले नाही. बिघाड गाडीत होता. कुणी बसलं, की तो दडून बसायचा. मिस्त्रींनी मला अदबीनं साइडकारमध्ये बसवून शोधला, नवऱ्यानं स्वतः बसून शोधला, मग तो सापडणार कसा? इतके महिने माझ्या हातांवर आळ घेऊन ती रिकामी साइडकार साळसूदपणे शेजारून पळत होती. मी बराच वेळ कडुलिंबाखाली बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. ते माझेच होते, आणि राहणार होते. निघताना एक पेटी टपरीवर ठेवली.

संध्याकाळी रेल्वे कॉलनीत पोहोचले आणि गाडीवरूनच नवऱ्याला हाका मारल्या. त्यानं पेट्या उतरवल्या आणि रिकामी साइडकार एका हातानं जरा उचलून हलवली. मागच्या खालच्या जोडातून अगदी बारीक टकटक झाली. मग तो साइडकारमध्ये बसला आणि मला त्या जोडावर बोट ठेवायला सांगून हलला. आता काही नाही. जोडाची पकड आतून झिजली होती. वरून नट आवळलेला, सगळं ठाकठीक. आत वजन असलं की जोड दाबून घट्ट बसायचा, नसलं की मोकळा होऊन इंजिनाच्या प्रत्येक ठोक्यावर खुळखुळायचा. एवढीशी पोकळी, नखाच्या कडेएवढी, आणि तिनं माझी झोप उडवली होती.

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. “आमच्याकडे डबा आधी रिकामा पळवून बघतात, मग भरलेला. नव्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी शिकवतो!”

आता मात्र मला चेव आला. “मग? एकट्यानं गाडी काढून बघायचं एकदाही सुचलं नाही तुला? मी कंठशोष करून सांगत होते, की एकटी असताना होतं म्हणून!”

तो पान्हा फिरवत राहिला.

“इंजिन पहिल्याच दिवशी ऐकून झालं होतं गं,” तो मान वर न करता म्हणाला. “त्यात काही नाही, हे मला कळलं होतं. नंतर मी स्क्रूड्रायव्हर नुसताच कानाला लावून बसायचो.”

“कशाला?”

“तुझे हात बघायला. तिथून जवळून दिसायचे. तुला कळू न देता बघायचं तर दुसरी जागा कुठली?”

मग तो पान्हा खाली ठेवून उठला. मी माझे दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. त्याचे ग्रीसनं माखलेले होते, त्यामुळे त्यानं ते हातात घेतले नाहीत, नुसता बघत राहिला. माझे हात तेव्हा चांगलेच थरथरत होते, आणि आम्हा दोघांनाही त्याची जराही भीती वाटली नाही.