आत्याने पुसलेला थर्मामीटर

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, की हवामान बदलामुळे जव्हारजवळच्या आमच्या तळ्याचं पाणी किती तापेल याचं माझं संगणकावरचं मॉडेल फुगवून सांगतं. ते चुकीचं होतं. चूक मॉडेलची नव्हती, त्याचे आकडे ज्या नोंदींपेक्षा जास्त येत होते त्या नोंदींची होती.

गेली दोन वर्षं माझी आत्या माझ्यासाठी रोज दिवस उगवताना त्या पाण्याचं तापमान मोजते. आज मी पहिल्यांदाच तिच्यासोबत गेले. तिने थर्मामीटर पाण्यातून काढला, पदराने नीट पुसला आणि मग आकडा वाचला. तोवर गार हवेने पारा खाली आला होता.

"आत्या, पुसतेस कशाला?"

"वल्या काचंवर आकडा दिसतो का, बाय? तुला चुकीचा कसा देऊ? एक दिस नाय चुकवला."

मी नुसतं "बरं" म्हणाले. थर्मामीटर पाण्यात असतानाच वाचायचा, हे मीच तिला सांगितलं नव्हतं. आणि शाळेत जायच्या आधी मला अंक शिकवले ते हिनेच.

म्हणजे मॉडेल सांगतं तसं पाणी बहुधा तापतंयच, आणि तिच्या सगळ्या नोंदी मला खोडाव्या लागणार. तुम्ही तिला कसं सांगितलं असतं? येत्या रविवारी सकाळी मी सांगणार आहे.