आप्पांनी मागितलेलं कुत्रं

दिल्लीच्या दवाखान्यात माझे वडील, आप्पा, शेवटचे दिवस मोजत होते. माझा भाऊ फौजेत, त्याची नेमणूक तिकडेच, म्हणून उपचारासाठी त्यानंच त्यांना नेलं होतं. जन्मभर कुणाकडं काही न मागितलेल्या माणसानं फोनवर मला एवढंच म्हटलं, "माझं कुत्रं तेवढं घिऊन ये."

कुत्रं म्हणजे ओंजळभर पांढरं पॉमेरियन. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला, जाळीची पिशवी, विमान कंपनीची परवानगी, या सगळ्यासाठी मी तासगावभर नाचले. प्रवासाआधी त्याला खायला घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पुण्याच्या विमानतळावर सोडायला धाकटे काका, आप्पांचे पाठचे भाऊ, निघाले. साताऱ्याच्या अलीकडं त्यांना फोन आला. गाडी कडेला घेऊन ते लांब जाऊन बोलले, तोंड धुऊन आले आणि धाब्यावर माझ्यापुढं पिठलं-भाकरी मांडली.

"भूक नाही, काका. उशीर होईल."

"दोन घास खाऊन घे, पोरी. माझं आईक."

त्यांनी हट्टच धरला. माझं डोकं फिरलं. चार घास कसेबसे गिळले, तर हे कुत्र्यालाही भाकरीचा तुकडा घालायला निघाले. मी त्यांचा हात झटकला. पुण्यापर्यंत मी पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसले.

विमानात पिशवी पुढच्या सीटखाली ठेवली. कुत्रं कुंई कुंई करायला लागलं तशी शेजारच्या बाईनं पाय आवरून घेतले. जाळीला बोट लावून मी त्याला समजावत राहिले. आता आप्पा भेटतील, गप बस. खरं तर मीच मला सांगत होते.

दिल्लीला भाऊ स्वतः न्यायला आला होता.

"आप्पांजवळ कोण आहे?"

त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, तेव्हाच मला कळलं. आप्पा दुपारीच गेले होते. साताऱ्याजवळ काकांना आलेला तो फोन भावाचाच होता.

आमच्याकडं उपाशी माणसाला मरणाची बातमी सांगत नाहीत. आधी दोन घास पोटात घालतात, कारण नंतर घास उतरत नाही. काकांनी मला घास घातले, कुत्र्यालाही घालायला निघाले, आणि सांगायचं मात्र टाळलं. आप्पांना भावाच्या घरी आणून ठेवलं होतं. तिथं पोचल्या पोचल्या मी काकांना फोन लावला आणि ओरडले, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तर तू कुत्रं माझ्या अंगावर टाकून पळाली आसतीस," काका म्हणाले. "दादानं त्येवढंच मागितलं व्हतं. पोचलं का त्येच्याजवळ?"

पोचलं होतं. आप्पांच्या पायाशी अंग चोरून बसलं होतं. मी हो म्हणाले आणि पलीकडं काका ढसाढसा रडायला लागले.