तिसरी खोड

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून माझ्या थोरल्या मामाइतका खरं बोलून स्वतःचं नुकसान करून घेणारा माणूस दुसरा झाला नसेल. मी फार जग पाहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तोही तेव्हा साताऱ्याच्या पुढं फारसा न गेलेला. तरी हे विधान मी करतो. मामासारखा आणखी कुणी असल्याचं कळलं तर मला आनंदच होईल.

मामा बैलांच्या बाजारातला दलाल होता. त्याचं घर मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, आमच्या घराला लागूनच. पण त्याचं आयुष्य गेलं ते बाजारात, धुळीत आणि हंबरण्यात. या धंद्यात जनावराची खोड झाकण्यात माणसाचं कसब असतं. मामाचं उलटं होतं. दावं सोडायच्या आधी तो गिऱ्हाइकाला बैलाच्या सगळ्या खोडी मोठ्यानं सांगायचा. हा नांगराला मध्येच बसतो, हा पावसात बुजतो, हा लहान पोरांना शिंग दाखवतो. मगच किमतीची गोष्ट. निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत जायची, आणि राहिलेली जन्मभर त्याच्याकडंच यायची. पुढं पुढं ही सवय माणसांनाही लागू झाली. माझी ओळख करून देताना तो म्हणायचा, "ह्यो माझा भाचा. कालेजात हाय. हुशार हाय, पन बोलायच्या वक्ताला गप बसतो." त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा चहा व्हायच्या आत त्यानं सांगून टाकलं की पोरगी कामाला वाघ आहे, पण तापट आहे, सकाळी सकाळी तिच्याशी कुणी बोलू नये. मामीनं कपाळाला हात लावला. पाहुणे एकमेकांकडं पाहू लागले. मग मुलाचे वडील सावकाश म्हणाले, "आमचा पोरगा दिस कासराभर वर आल्याबिगर उठतच न्हाई." लग्न तिथंच ठरलं.

त्याचा दुसरा नाद गळाचा. डोंगर ओलांडला की पलीकडं कोयनेच्या धरणाचं पाणी पसरलेलं आहे. बाजार नसेल त्या दिवशी मामा पायी डोंगर चढून उतरून तिथं जायचा, एका ठरलेल्या खडकावर बसायचा आणि संध्याकाळी बहुधा रिकाम्या हातानं परत यायचा. लहान मासा लागला तर गळ सोडवून तो परत पाण्यात टाकायचा, मोठा लागला तर शेजाऱ्याला द्यायचा. मामी म्हणायची, मासं नुसतं वासाला आणतोय. मी एकदा भीतभीत विचारलं होतं, मग जातोस कशाला? मामानं गळाची दोरी गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "जलमभर बोलून खाल्लं रं. तितं कोन काय इचारत न्हाई."

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा एका खिलारी खोंडानं मामाच्या मांडीवर लाथ घातली. हाड सांधलं, पण पाय आखडला. मिरजेच्या दवाखान्यात दाखवायला मीच घेऊन गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, आता डोंगर चढायचा नाही. मामानं विचारलं, "आन उतरायला?" डॉक्टर हसले नाहीत. येताना गाडीत मामा डोंगराच्या बाजूच्या खिडकीशी बसला. त्यानंतर तो अंगणात डोंगराकडं तोंड करून बसू लागला. बाजारातून बोलावणं आलं तरी जाईना. शेवटी मामीच मला म्हणाली, "तुज्या मामाला एकादी जुनी फटफटी बघ बाबा. ह्यो असाच बसला तर उठायचा न्हाई."

मामाला किक मारता येणं शक्य नव्हतं, म्हणून फटफटी चालवणार मी, आणि मागं बसणार तो. मित्राच्या गाडीवर मी चालवायला शिकलो. कागदपत्रं वाचणं माझ्याकडं आणि गाडी पारखणं मामाकडं, असं ठरलं. फटफटी हवी होती दगडधोंड्याच्या गाडीवाटेवर दोन माणसं आणि गळाच्या काठ्या घेऊन डोंगर चढणारी. मला वाटलं, आठवड्याभरात काम होईल. नऊ महिने लागले. मामी म्हणायची, लेकीला नवरा बघताना एवढी पायपीट केली नव्हती.

अडचण अशी, की मामाला पारखण्याची एकच रीत ठाऊक होती. साताऱ्यात एका कंत्राटदाराची फटफटी पाहायला गेलो. मामा आधी तिच्याभोवती लंगडत दोन वेळा फिरला, मग टाकीवरून बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा हात फिरवला, आणि "किती दाती?" असं विचारलं. मी घाईनं म्हणालो, कुठल्या सालातली आहे असं विचारतोय. मग मामानं नेहमीचा प्रश्न केला, खोडी काय काय आहेत? कंत्राटदार म्हणाला, एकही नाही, नव्यासारखी आहे. मामानं त्याला नमस्कार केला आणि बाहेर पडला. रस्त्यात म्हणाला, "बिनखोडीचं जनावर अजून बगितलं न्हाई मी. ते आपल्याला झेपायचं न्हाई." पाचगणीच्या एका मास्तरांची गाडी त्यानं मुद्दाम खडीवरून चालवून घेतली, तिची चाल पाहिली आणि ती रात्रभर आमच्या गोठ्यात बांधायची परवानगी मागितली. मास्तरांनी आम्हाला फाटकापर्यंत पोहोचवलं. सांगलीला तर मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. गाडीचे मालक एका कचेरीतले हेडक्लार्क होते, इस्त्रीचा सदरा घातलेले. बोलणं किमतीवर आलं तसा मामानं खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या हातावर टाकला आणि बाजाराच्या रिवाजाप्रमाणं टॉवेलाखाली त्यांची बोटं धरली. हेडक्लार्क ओरडले नाहीत, पण त्यांनी हात असा ओढून घेतला की चष्मा पडला. बैलाची किंमत चारचौघांत बोलायची नसते, बोटांनी सांगायची असते, हे मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं. मी बोलायच्या वक्ताला गप्प बसलो.

पाय पुन्हा दाखवायला मिरजेला गेलो त्या दिवशी मामा थकला होता. तंबोरे करणाऱ्यांच्या आळीत एका दुकानाच्या पायरीवर तो टेकला. समोर एक हिरव्या टाकीची जुनाट फटफटी उभी होती आणि तिच्या मागच्या सीटला गोणपाटात गुंडाळलेला तंबोऱ्याचा मोठा भोपळा बांधलेला होता. दुकानातले म्हातारे चाचा भोपळा सोडायला बाहेर आले. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की डोळे अधू झाले, आता गाडी विकायची आहे. मामानं सवयीनं विचारलं, खोड काय? चाचांनी भोपळा खाली ठेवला, फडक्यानं हात पुसले आणि बोटांवर मोजत म्हणाले, "तीन खोडी हैत. थंडीत पंधरा किका मारल्याबगर उठत न्हाई. चढाला तापती, उतरून गार व्हऊ द्यावी लागती. आन तिसरी, हात ढिला सोडला की डावीकडं वढती. एकदा बैलगाडीला धडकली, तवापासनं." मग टाकीवर थाप मारून म्हणाले, "पन इतके वर्स भोपळे आनले, एकबी फुटला न्हाई."

मामानं टॉवेल पुढं केला. चाचांनी काही न विचारता हात दिला. टॉवेलाखाली काय ठरलं ते मला आजही ठाऊक नाही. येताना मी म्हणालो, "मामा, सगळ्यांत वाईट गाडी घेतली आपण." मामा म्हणाला, "व्हय. पन वळखीची हाय."

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती, हे मला तेव्हा कळलं नाही. फटफटी गोठ्यात राहायची. हिवाळ्यात मामा तिच्यावर गोणपाट घालायचा. सोमवारी बैलाला जुंपत नाहीत म्हणून तिलाही सुट्टी असायची, माझी परीक्षा असली तरी. बेंदराला, बैलांच्या सणाला, हँडलच्या दोन्ही टोकांना गोंडे बांधले जायचे आणि मामी कुरकुरत का होईना टाकीवर पुरणपोळीचा निवद ठेवायची. चढावर ती नेमानं तापायची, एका जांभळाखाली आम्ही उतरायचो, आणि ती गार होईपर्यंत मामा मला जुन्या बैलांच्या गोष्टी सांगायचा. राहता राहिली तिसरी खोड. घरापासून खाली उतरलं की फाटा आहे. उजवीकडं मेढा आणि सातारा, डावीकडं डोंगर आणि पाणी. तिथं आलं की हँडल आपसूक डावीकडं वळायचं आणि मागून मामा माझ्या पाठीवर थाप मारायचा. जणू ते त्यानंच तिला शिकवलं होतं.

मी बी. ए. झालो आणि मला नागपूरकडं नोकरी लागली. आमच्या घरातली ती पहिली नोकरी. आईनं पेढे वाटले. मामाला सांगायला मात्र मला चार दिवस लागले. गावात फटफटी चालवणारा मी एकटा होतो. मी गेलो की मामाचं पाण्यावर जाणं बंद होणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पाचव्या दिवशी त्याच खडकावर मी तोंड उघडणार, तेवढ्यात गळावरची नजर न काढता तो म्हणाला, "ईक ती. हुब्या जनावराचं हाल हुत्यात."

कोरेगावकडचा एक तरुण मास्तर गाडी पाहायला आला. मामा अंगणात बाजेवर पडून होता. पाय दुखतोय म्हणाला. बोलणं मलाच करायचं होतं. मास्तरांनी विचारलं, गाडी कशी आहे? मी म्हणालो, आधी खोडी सांगतो. थंडीत पंधरा किका लागतात. चढावर तापते. एवढं बोललो आणि टाकीवरची धूळ पुसू लागलो. मास्तर वाट पाहत होते. बाजेवरून मामा शांतपणे म्हणाला, "तिसरी सांग."

"डावीकडं वढती," मी म्हणालो.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

मी बाजेकडं पाहिलं. मामानं कूस बदलली आणि डोंगराकडं पाहत तो म्हणाला, "पार पान्यापतूर."

मास्तर समजल्यासारखं हसले. त्यांनी गाडी घेतली. पंधरा किका मारल्या आणि ते उतारावरून गेले. मामानं उठून बसत आवाजाकडं कान लावला. फाट्याशी आवाज अडखळला, क्षणभर डोंगराच्या बाजूनं आल्यासारखा वाटला, आणि मग सरळ होऊन मेढ्याकडं लांबत गेला.

"वळवली त्यानं," मामा म्हणाला. "हुईल हाताला सवय."

मी त्याच्या शेजारी बाजेवर बसलो. गोठ्यातलं गोणपाट मामीनं घडी करून ठेवलं होतं. मामानं टॉवेल खांद्यावरून काढला आणि माझ्या हातावर टाकला. खाली त्यानं माझी बोटं धरली. कितीतरी वेळ धरून ठेवली. त्यात काय सांगितलं ते मला वाचता आलं नाही. बोटांची ती भाषा मी शिकलो नव्हतो.