सोबत जोडलेले पान

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, आणि ज्यांना आयुष्यभर खरमरीत पत्रे लिहिली त्या कार्यालयांना तर नाहीच. गेल्या महिन्यात जव्हारच्या एका शाळेने किशोरवयीन मुलांच्या भावनिक आरोग्यावर बोलायला बोलावले. प्रकृतीचे कारण कळवून मी नकार दिला. प्रकृती ठणठणीत आहे. खरे कारण असे, की याच विषयाच्या आडून मी एकदा खोटे बोललो आणि दोन मुलींची मैत्री तुटू दिली. त्यांची नावे येथे बदलली आहेत. तेवढी शुद्ध आता आली — तेव्हा का आली नाही?

मोखाड्याच्या डोंगरातल्या एका निवासी शाळेत मी शिक्षक होतो. नववीला आठवड्यातून एक तास या विषयाचा असे. काय दिवस होते ते! खिडकीतून नागलीच्या भाकरीचा वास येई, आणि मी फळ्यावर व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त मांडत असे — अंतर्मुख, बहिर्मुख. एकदा भिमी उठून म्हणाली, "सर, झऱ्यावर पाण्याला गेलो का आमी समद्या बहिर्मुख, वर्गात आलो का अंतर्मुख. मंग आमी कोन?" वर्ग हसून लोळला. "आन सर म्हंजे तापलेला तवा!" मागून कुणीतरी पुटपुटले. मीही हसलो. इतके मोकळे हसू मला पुन्हा आले नाही.

भिमीची जिवलग यशोदा मात्र बोलत नसे. ती लिहीत असे. प्रत्येकीने मनातले वहीत लिहावे, वह्या माझ्या कपाटात राहतील, माझ्याशिवाय त्या कुणी वाचणार नाही — हे वचन मी वर्गासमोर दिले होते. यशोदाने लिहिले, की रात्री वसतिगृहाच्या दाराला बाहेरून कडी घालतात, संडासला जाता येत नाही, आणि त्यामुळे तिचे अंथरूण दोनदा ओले झाले. पहाटे कडी निघाल्यावर भिमीने ते धुवायला मदत केली. भिमीशिवाय हे कुणालाच ठाऊक नाही.

मी पेटलो. मुलींना कोंडण्याचा अधिकार यांना कोणत्या नियमाने दिला? तक्रार लिहायला बसलो. ती कडी मी स्वतः पाहिलेली होती. साक्षीदार म्हणून माझे नाव पुरेसे होते. पण बदलीची भीती वाटली. प्रत्येक पत्राखाली ठसठशीत सही करणाऱ्या मी ती एकच तक्रार निनावी पाठवली. आणि निनावी तक्रारीला पुरावा हवा, म्हणून — होय, यशोदाच्या वहीतले ते पान फाडून सोबत जोडले. वर तिचे नाव होते. ते खोडायचे मला सुचले नाही काय? सुचले होते. नाव खोडलेला कागद लंगडा पडतो, हेही मला ठाऊक होते.

चौकशीला अधिकारी आले. कागद फाईलमध्येच ठेवून त्यांनी सगळ्या मुलींसमोर विचारले, "अंथरूण ओलं होतं ती यशोदा कोण?"

कडी त्याच आठवड्यात निघाली. तक्रार यशस्वी झाली.

यशोदा माझ्याकडे आली. "सर, माजी वही?" मी म्हणालो, "कपाटात आहे. कुणीही पाहिलेली नाही." मग उरले कोण? त्या दिवसापासून ती भिमीशी बोलली नाही. जेवायला बसताना पाठ करून बसू लागली.

काही दिवसांनी भिमी आली. डोळे सुजलेले. "सर, मी नाय सांगला कोनाला. तुमी तिला सांगा ना. तुमचा ती ऐकंल." आणि मी काय केले? राग ही नैसर्गिक भावना आहे, तिला ओसरायला वेळ द्यावा, असे मी तिला शांतपणे समजावले. ज्या तासावर मी जीव टाकला, त्याच तासाची भाषा मी आडोशाला घेतली. ती मान हलवून निघून गेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत परतली नाही. आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेल्याचे कळले. मी शोध घेतला नाही. ती सापडली असती, तर मला बोलावे लागले असते.

यशोदा दहावी उत्तीर्ण झाली. दाखला घेतल्यावर पाया पडून म्हणाली, "सर, जिवाची मैत्रीन फसवून गेली. तुमी नाय फसवला."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.